मालकांचं पाण्यातलं घड्याळ

हुशार माणसांचा मला एकूणच कंटाळा आहे, आणि तो ज्यांच्यामुळे आला ते पिंपळे सौदागरचे माझे घरमालक. आम्ही भाडेकरू त्यांना मालकच म्हणायचो. त्यांना ते आवडायचं नाही. "घराचा मालक काय, कुणीही होतो राव," ते म्हणायचे. "स्वतःच्या मशीनचा मालक असलेला माणूस दाखवा मला." मशीन म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. मी चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला. मशीन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे धडधडणारा प्रेस यायचा. त्यामुळे पहिले काही महिने आमच्या गप्पा दोन वेगळ्या गावांच्या एसटीत बसल्यासारख्या चालल्या होत्या.

माणूस मूळचा गावातलाच. आता जिथे सोसायट्यांचे टॉवर आहेत तिथे त्यांच्या लहानपणी घरची ज्वारी उभी असायची. जमीन गेली, भावकीत मोठ्या गाड्या आल्या, पांढरे कपडे आणि गळ्यातल्या साखळ्या आल्या. हे एकटेच इंजिनिअर होऊन हिंजवडीला आयटीत नोकरीला लागले. पगारावाचून काही अडत नव्हतं, त्यामुळे साहेबाशी भांडायला ते कायम मोकळे असत. गावठाणातल्या जागेवर त्यांनी तीन मजली इमारत बांधली होती. खाली त्यांची आई, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, मधल्या मजल्यावर ते आणि वहिनी, वर मी. भावकीतल्या लग्नाला सगळे फेटे बांधून यायचे तेव्हा हे छातीवर पेंग्विन छापलेला टी-शर्ट घालून जायचे. तो पेंग्विन म्हणजे लिनक्सचं बोधचिन्ह, आणि लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अशी व्यवस्था की जी कुठल्याच कंपनीच्या मालकीची नाही. एवढं वाक्य मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं, कारण ते मी जिन्यात असंख्य वेळा ऐकलेलं आहे.

खोली बघायला गेलो तेव्हा इतर मालक विचारतात ते काहीच त्यांनी विचारलं नाही. लग्न झालंय का, मटण शिजवता का, मित्र येतात का, काही नाही. "लॅपटॉपवर काय आहे? विंडोज?" मी हो म्हणालो. एखाद्याला दुर्धर आजार झाल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. सामान लावून व्हायच्या आत त्यांनी माझ्या लॅपटॉपवरचं विंडोज काढलं आणि लिनक्स टाकलं. त्या दिवशी माझा प्रिंटर जो मुका झाला तो मी ते घर सोडेपर्यंत मुकाच होता. एखादा कागद छापायचा असला की मी तो पेन ड्राइव्हवर घ्यायचो आणि कासारवाडीला, जिथून आमची कंपनीची बस सुटायची, तिथल्या झेरॉक्सवाल्याच्या विंडोजवर छापून आणायचो. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, "थोडा त्रास होणारच. सोय म्हणजे गुलामी असते भाऊ." सोय म्हणजे गुलामी, हे त्यांचं आवडतं वाक्य. त्रास मात्र नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी व्हायचा.

पाण्याचंच घ्या. इमारतीच्या मोटरला त्यांनी एक छोटा कॉम्प्युटर जोडला होता. टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू, भरली की आपोआप बंद. प्रत्यक्षात एक तर टाकी भरून जिन्यातून ओढा वाहायचा, नाहीतर मी अंगाला साबण लावून कोरड्या नळाखाली उभा असायचो. तशा अवस्थेत टॉवेल गुंडाळून खाली हाक मारली की मालक लॅपटॉप घेऊन बाहेर यायचे आणि विचारायचे, "लॉग बघितला का?" लॉग म्हणजे यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेली नोंद, कधी काय झालं त्याची. मग ते जिन्याच्या पायरीवर बसून लॉग वाचायचे. तेवढ्यात खालून आक्का केरसुणीच्या दांड्याने मोटरचं जुनं बटण दाबायची आणि ओरडायची, "आलं बघ रं पानी!" मालक मान वर न करता म्हणायचे, "आक्का, कारण कळल्याशिवाय बटण दाबायचं न्हाई." आईशी बोलताना ते गावचं बोलायचे. त्यांच्यात तेवढीच एक गोष्ट मला बरी वाटायची.

आधी लॉग बघा. हा मंत्र सगळ्याला लागू होता. माझी गाडी सुरू होईना तेव्हा त्यांनी मला किक मारू दिली नाही. शेवटचं सर्व्हिसिंग कधी, आवाज कसा येत होता, काल किती चालवली, अशी उलटतपासणी झाली. गाडीतलं पेट्रोल संपलं होतं. वहिनींना ताप आला तर हे कपाळाला हात लावण्याआधी विचारणार, "केव्हापासून? मोजून ठेवलाय का?" वहिनी कधी उलट बोलायच्या नाहीत. त्या नुसत्या थर्मामीटर त्यांच्या हातात द्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपायच्या.

ॲप या प्रकाराशी त्यांचं हाडवैर होतं. फोन त्यांच्याकडे होता, पण त्यात काहीही नव्हतं. ॲप म्हणजे कंपनीने तुमच्या खिशात ठेवलेला हेर. मग गॅस कोण बुक करणार, लाइट बिल कोण भरणार, कॅब कोण बोलावणार? वहिनी. सगळी ॲपं त्यांच्या फोनवर. स्वातंत्र्य मालकांचं आणि ओटीपी वहिनींचे, अशी त्या घरातली वाटणी होती. "अहो, तुमचा ओटीपी आला," ही हाक दिवसातून कितीदा तरी ऐकू यायची, आणि हे आतून, गुलामगिरीविरुद्ध इंग्रजीत काहीतरी लिहिता लिहिता, "सांग" म्हणायचे.

तर अशा या माणसाला पाण्यात बुडी मारायचं वेड लागलं. मालवणला सहलीला गेले, तिथे सगळे पर्यटक मारतात तशी पाठीवर नळकांडं बांधून एक बुडी मारली आणि माशांबरोबर फोटो न काढताच वर आले, कारण फोटो कुठल्या सर्व्हरवर जाणार हे आधी कळेना. पण घरी आले ते नवीन धर्म घेतल्यासारखे. रीतसर कोर्स केला. मग शनिवारी पहाटे गाडी काढायची, रविवारी परत यायचं, आणि सोमवारी मला जिन्यात गाठायचं. पाण्याखाली गेलं की श्वासातला नायट्रोजन रक्तात कसा विरघळतो, वर येताना घाई केली तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात कसे होतात, मग सांधे धरतात, हातपाय जातात, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. उत्तम शिकवलं. मी चाकणमधला एकमेव क्वालिटी इन्स्पेक्टर असेन ज्याला हे पाठ आहे.

त्या बुडबुड्यांचा हिशेब ठेवायला एक यंत्र असतं. डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. दिसायला जाडजूड घड्याळ. किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, वर किती वेगाने आलात, सगळं त्यात नोंदलं जातं. मालकांनी परदेशी बनावटीचं चांगलं घेतलं. त्याला ब्लूटूथ होतं. फोनवर कंपनीचं ॲप टाकलं की बुडीचा रंगीत आलेख आपोआप येतो. त्यांच्या ग्रुपमधले बाकीचे लोक जेटीवर सुरमई खाता खाता आपापले आलेख एकमेकांना दाखवायचे. मालक त्यांच्याकडे बघून मान हलवायचे.

"रक्त माझं," ते मला म्हणाले, "नायट्रोजन माझा, आणि डेटा त्यांच्या सर्व्हरवर? कशासाठी?"

म्हणून ते घड्याळ त्यांना त्यांच्या लिनक्सलाच जोडायचं होतं. आणि ते जोडलं जात नव्हतं. महिनेच्या महिने जात नव्हतं. कधी कॉम्प्युटरला घड्याळ दिसायचं नाही. दिसलं तर नाव यायचं, पण जोडणी नाकारायचं. जोडणी झाली तर घड्याळ एक आकडा विचारायचं आणि तो भरेपर्यंत बॅटरी वाचवायला स्वतःचं ब्लूटूथ बंद करून टाकायचं. मालकांनी कॉम्प्युटरला खोचायचे, ब्लूटूथ पकडणारे तीन वेगवेगळे डोंगल आणले. घड्याळ बादलीत बुडवून जागं करून बघितलं. लिनक्सचं जे मूळ असतं, कर्नल, तेसुद्धा बदललं, आणि त्या आठवड्यात आमची मोटर अजिबात चालली नाही. आलेख मात्र कुणी बघितला नाही. माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन यायचा, आणि खाली काय पाहिलं असं विचारलं तर ब्लूटूथबद्दल बोलायचा.

मी एकदा वहिनींना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत, ते एवढे खाली जातात त्याची?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "पण खाली गेले की निदान तासभर तरी कुणाला काही शिकवत नाहीत."

आता त्या सोमवारचं सांगतो.

पहिली शिफ्ट करून मी दुपारी घरी आलो तर वहिनी जिन्यातच उभ्या होत्या. "भाऊजी, जरा आत येता का? यांचा हात बघा." आत मालक टेबलाशी बसले होते. डावा हात कीबोर्डवर आणि उजवा हात मांडीवर, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा पडलेला. मनगटावर ते घड्याळ.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "तुम्ही टाइप करा. मी सांगतो."

"हाताला काय झालंय?"

"तेच तर शोधतोय."

रविवारी दुपारी शेवटची बुडी मारून ते तडक निघाले होते, कारण सोमवारी सकाळी हिंजवडीत मीटिंग. फोंडा घाट चढता चढता उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. स्टेअरिंग घट्ट धरल्यामुळे असेल असं म्हणून तसेच आले. रात्री खांदा दुखला. सकाळी उठले तर कोपरापर्यंत बधिर. आता तुम्ही मला सांगा, ज्याला बुडबुड्यांचं सगळं शास्त्र तोंडपाठ आहे, जो जिन्यात उभा राहून दुसऱ्याला ते शिकवतो, त्याने काय करायला पाहिजे? रिक्षा बोलवायला पाहिजे. या गृहस्थांनी ऑफिसला घरून काम करतो म्हणून कळवलं, ब्लूटूथचा डोंगल लावला आणि सकाळपासून घड्याळ जोडत बसले.

"डॉक्टरकडे जाऊन सांगू काय?" ते मला म्हणाले. "किती मीटर, किती वेळ, वर यायचा वेग किती, काहीच हातात नाही. तो आपली गोळी देईल आणि मानेचा एक्स-रे काढा म्हणेल. आधी लॉग बघायचा, मग इलाज."

मला राग आला. तो आजही येतो. मी म्हटलं, "मालक, वहिनींच्या फोनवर कंपनीचं ॲप टाकतो. जे काय बघायचं ते आत्ता बघा आणि चला."

"म्हणजे इतके महिने मी काय झक मारली?"

"मारली असं समजा ना."

"टाइप करा," ते म्हणाले.

मी टाइप केलं. ते एकेक अक्षर सांगत होते आणि मी दाबत होतो. पडद्यावर ओळी धावायच्या, घड्याळाचं नाव यायचं, आणि खाली लाल अक्षरांत नकार. दरम्यान घड्याळाचं ब्लूटूथ बंद पडलेलं असायचं. ते पुन्हा सुरू करायला मनगटावरचं बटण दाबायला लागायचं. त्यासाठी मालक डाव्या हाताने आपला उजवा हात उचलायचे आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवायचे. एखादं पार्सल ठेवावं तसा. मी बटण दाबलं की परत उचलून मांडीवर. हे कितीदा झालं मला सांगता येणार नाही. एकदा घड्याळाच्या कोपऱ्यात मला एक बारीकसं चित्र दिसलं. विमान, आणि त्यावर काट मारलेली.

"हे विमान कशाला?"

"बुडीनंतर लगेच विमानात बसायचं नाही, त्याची सूचना," ते म्हणाले. "उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो, मग बुडबुडे वाढतात. मी कुठे बसलोय विमानात? गाडीने आलोय. पुढची ओळ घ्या."

वहिनी आतून आल्या. हातात फोन होता. "मालवणच्या तुमच्या सरांना फोन केला मी. ते म्हणाले, एक मिनिट घालवू नका. जिथे दाबाखाली ऑक्सिजन देतात त्या हॉस्पिटलला न्या म्हणाले. कुठलं ते पण सांगितलंय."

"त्यांच्याकडे माझा डेटा आहे का?"

"नाही."

"मग ते अंदाजाने बोलतायत."

वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. मग त्या खाली गेल्या, आणि थोड्या वेळाने जिन्यात आक्काच्या पायांचा आवाज आला. गुडघ्यांमुळे ती कधी वर यायची नाही. एकेक पायरी घेत, कठडा धरत ती आली आणि दारात टेकली.

"काय चाललंय रं?"

"घड्याळ जोडतोय आक्का."

"हात चालंना तुजा, आन् घड्याळ जोडतुयास? हात तुजा हाय का त्या घड्याळाचा?"

"तुला न्हाई कळायचं."

"व्हय, मला न्हाई कळायचं. पर सून रडतीया खाली, त्ये तरी कळतंया का तुला?"

मालक पडद्याकडे वळले. सून रडते आहे या गोष्टीचा लॉग नव्हता. वहिनी वर आल्या आणि डोळे पुसून त्यांनी चहा आणला. बहुतेक त्यांना वाटलं, चहा घेतील तेवढा वेळ तरी त्या पडद्यावरून नजर हलेल. मालकांनी सवयीने उजवा हात पुढे केला, म्हणजे खांद्यापासून ढकलला. कप बोटांवर ठेवला गेला आणि बोटांनी तो धरलाच नाही. उकळता चहा सगळा त्या हातावर सांडला.

हात मागे आला नाही. माणसाच्या हातावर चहा सांडला तर हात आपोआप मागे येतो, त्यासाठी शिकायला लागत नाही. तो हात तिथेच पडून राहिला, वर वाफ निघते आहे, कातडी लाल होते आहे, आणि मालक ओरडले, "लॅपटॉप! अहो, लॅपटॉप उचला आधी!"

वहिनींनी हाताला फडकं लावलं. मालकांनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. तरी ते म्हणाले, "अजून एकदाच ट्राय करू."

"उठ," आक्का म्हणाली. "उठतुस का भावकी बोलवू तुला उचलायला?"

भावकीची त्यांना खरी भीती होती. ते उठले. चुलत्याची मोठी गाडी आली. लॅपटॉप सोबत घेतल्याशिवाय येणार नाही म्हणाले, तो माझ्या मांडीवर दिला. हिंजवडी सुटायची वेळ. रक्षक चौकापर्यंत कंपन्यांच्या कॅबच कॅब, एकमेकींना चिकटून. गाडी एकेक फूट सरकत होती आणि मालक पुढच्या सीटवरून मान वळवून सांगत होते, "स्कॅन चालू ठेवा." मी ठेवला. पडद्यावर आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांमधली ब्लूटूथची नावं यायला लागली. कुणाचे इअरफोन, कुणाचं घड्याळ, कुणाच्या गाडीतला टेप. अख्खं हिंजवडी जोडायला तयार होतं. पुढच्या सीटवर बसलेलं तेवढं एक सोडून.

मागच्या सीटवर वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. फोनवर रस्ता बघत होत्या आणि पुढे हात घालून मालकांचा उजवा खांदा धरून होत्या. त्यांचा हात आपल्या खांद्यावर आहे हे मालकांना कळत होतं की नाही, देव जाणे.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हात दाबून, टोचून बघितला. मग विचारलं, "किती खोल गेला होता?"

"तेच तर," मालक म्हणाले. "डेटा निघत नाहीये. ब्लूटूथचा प्रॉब्लेम आहे. लॅपटॉप आणलाय, तुमच्याकडे जरा शांत जागा असेल तर—"

"हे मनगटावर तेच आहे ना?"

"हो."

"मग हे स्वतः काही दाखवत नाही का?"

बाईंनी त्यांचं मनगट हातात घेतलं, बाजूचं बटण एकदा दाबलं, परत दाबलं, आणि वाचायला लागल्या. सव्वीस मीटर. वेळ. वर येताना घाई झाल्याची खूण. आदल्या दोन बुड्या. सगळं होतं. सकाळपासून त्यांच्याच मनगटावर होतं, आणि जे बटण मी दुपारभर ब्लूटूथसाठी दाबत होतो त्याच्या शेजारच्या बटणात होतं. मी मालकांकडे पाहिलं. त्या घड्याळाचं माहितीपुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, मलाही वाचून दाखवलं होतं. त्यांना हे माहीत होतं.

"हां, तिथे पण दिसतं," ते म्हणाले. "पण तो नुसता सारांश आहे. कच्चा डेटा नाही."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "आणि हे विमानाचं चिन्ह कधीपासून आहे?"

"काल दुपारपासून."

"मालवणहून आलात कसे?"

"गाडीने."

"घाट चढून?"

मालकांना मी इतक्या वर्षांत प्रश्नाचं उत्तर येत असून गप्प बसलेलं तेव्हाच पाहिलं. विमान वर जातं आणि घाटही वरच जातो, एवढं त्या हुशार डोक्यात कधी शेजारी शेजारी आलं नव्हतं. घड्याळावर डोंगराचं चित्र नव्हतं ना! समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाची ही चूक होणार नाही. ती रविवारी बुडी मारून सोमवारी देशावर मीटिंग गाठणाऱ्यांचीच होणार. आमच्या कंपनीत असा पार्ट मी एका नजरेत रिजेक्टच्या पेटीत टाकला असता.

त्यांना दाबाच्या टाकीत ठेवलं. मोठी लोखंडी टाकी, गोल काच, आत माणूस मास्क लावून. असं बरेच दिवस चाललं. पहिल्यांदा आत जाताना त्यांनी टाकी चालवणाऱ्याला विचारलं, हे कंट्रोल कशावर चालतं? तो म्हणाला, विंडोजवर. मालकांचा चेहरा असा पडला की वहिनींना वाटलं डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलं. ज्या विंडोजला त्यांनी माझ्या लॅपटॉपमधून हाकलून दिलं, ते बाहेर बसून त्यांच्या रक्तातले बुडबुडे विरघळवत होतं. मी हसलो. हॉस्पिटलमध्ये हसू नये, पण हसलो.

खांदा सुटला. कोपर सुटलं. मनगट वळायला लागलं. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र तशीच राहिली. हलतात, पण त्यांना कळत काही नाही. आक्काने शेवटच्या दिवशी त्या डॉक्टर बाईंना गाठलं आणि विचारलं, "बाई, सकाळच्या पारी आणला आस्ता तर?"

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "बरं झालं असतं, आजी," एवढंच म्हणाल्या.

आक्का बाकावर बसली. मला वाटलं होतं ती मुलाला शिव्या घालेल, आणि मला त्या ऐकायच्या होत्या. तिने घातल्या नाहीत. घरी आल्यावर तिने केरसुणीच्या दांड्याने मोटर लावली आणि आत गेली.

पुढे मी चिखलीला स्वतःची खोली घेतली. निघायच्या दिवशी किल्ली द्यायला मधल्या मजल्यावर गेलो. भावकीत कुठेतरी साखरपुडा होता, दोघं निघायच्या तयारीत होते. मालकांच्या अंगात कधी नव्हे तो शर्ट होता, पुढून उघडा. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या, या! झालं, भाऊ. जोडलं!"

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्यावर एक आलेख. निळी रेघ खाली खाली गेलेली, तळाशी रेंगाळलेली आणि मग एकदम सरळ वर. तीच ती बुडी. डॉक्टर बाईंनी मनगटावरून वाचून दाखवलेलीच सगळी माहिती, फक्त रंगीत.

"चूक कुठे होती माहितीये?" ते म्हणाले. "मी आधी सिस्टिममधून जोडणी करून ठेवत होतो. ती करायचीच नसते. जुनी जोडणी काढून टाकायची, घड्याळ विसरून जायचं, मग प्रोग्रॅम आपला आपण जोडतो. म्हणजे मी काही केलं नसतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं!" हे सांगताना त्यांना केवढा आनंद झाला होता! काही केलं नसतं तर झालं असतं, आणि वेळेवर केलं असतं तर हात वाचला असता. यातलं पहिलं तेवढं त्यांनी शोधून काढलं होतं.

वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या शर्टाची बटणं लावायला लागल्या. खालून वर, एकेक. मालक मान बाजूला काढून पडद्याकडे बघत होते.

"मी हे सगळं लिहून आमच्या ग्रुपवर टाकलं, जगभरचे लोक असतात त्यात. एका डायव्हरचं उत्तर आलंय, ऐका." त्यांनी मोठ्याने वाचलं, मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं. "म्हणतो, फार मोठं काम केलंत. तुमच्यामुळे माझंही घड्याळ जोडलं गेलं. तुमचे हात सोन्याचे आहेत."

वहिनींनी गळ्याखालचं बटण लावलं, कॉलर सारखी केली.

"हात पुढे करा," त्या म्हणाल्या. "बाहीचं राहिलंय."

त्यांनी उजवा हात पुढे केला. घड्याळ आडवं येत होतं. वहिनींनी ते काढून टेबलावर ठेवलं आणि बाहीचं बटण लावलं. मालकांचं लक्ष नव्हतं. ते उत्तर परत एकदा वाचत होते.